बरणीतली देवी

पाणी नाचायला लागलं, ही बातमी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरून निघाली आणि साडेसाताच्या आत लालबागच्या नाक्यावर पोचली. मग पोपटशेटच्या चाळीच्या चौकात अशी गर्दी झाली की ज्यांची बिऱ्हाडं तिथं होती, त्यांनाच आत शिरायला वाट मिळेना. रातपाळी सुटून आलेले गिरणीकामगार डोक्यावर कापसाचं पांढरं भुसकट तसंच घेऊन उभे होते. बायकांच्या कडेवर पोरं होती, जिन्यावर म्हातारे होते, आणि भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ या अक्षरांना इतक्या पाठी टेकल्या होत्या की संध्याकाळपर्यंत निम्मा महाराष्ट्र लोकांच्या सदऱ्यांवर उतरला.

चौकाच्या मधोमध अकरा पितळी तांबे ओळीनं मांडले होते. एकेकानं वाकायचं, आत बघायचं आणि कानाच्या पाळ्या धरून मागं सरायचं. आत खरोखरच पाणी जिवंत झालं होतं. सुताच्या तुटक्या धाग्याएवढे शेकडो जीव वर येत होते, शेपटी वर करून क्षणभर लोंबकळत होते आणि कोलांटी मारून तळाला जात होते. पाच दिवसांपूर्वी तिथं साधं नळाचं पाणी होतं.

ओळीच्या पलीकडे चौरंगावर उदकस्वामी बसले होते. अंगावर पिवळं उपरणं, गळ्यात कवड्यांची माळ, छातीपर्यंत दाढी, आणि आवाज असा की रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी बोलावं.

“पाहा, पाहा. पाचव्या दिवशी प्राण. पळीभर पाण्यात पार्वती. जलम् जीवनम् जंतुम् जगदंबम्. डॉक्टर म्हणतो औषध नाही, देवी म्हणते मी आहे. एकशेआठ दारांत एकशेआठ घट बसले की ताप पळाला आणि मुंबई महाराष्ट्राला मिळालीच म्हणून समजा. घरोघरी घट—”

“झालाच पाहिजे,” चौक गर्जला. त्या दिवसांत गिरणगावात कुणीही कशाचीही घोषणा अर्धी सोडली, की उरलेली अर्धी लोकांच्या तोंडून आपोआप यायची.

पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून एक बाई हे सगळं बघत होती. तिच्या एका हातात विळी होती, दुसऱ्या हातात बांगडा. ती सुभद्राकाकी. देवगडकडची, पन्नाशीची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. आपल्या खोलीत ती खानावळ चालवायची. तिच्या गावाकडचे बावीस गडी, घरदार कोकणात ठेवून गिरणीत राबणारे, वरच्या मजल्यावर एकाच खोलीत आळीपाळीनं झोपायचे आणि काकीच्या पंगतीला जेवायचे. काकीला मूलबाळ नव्हतं. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला बांगड्याचं डोकं लागतं, कुणाच्या घरून पत्र आलं नाही म्हणून तो दोन भाकऱ्या कमी खातो, हे तिला पाठ होतं. तिचा संसार म्हणावा तर तो एवढाच.

आणि पुढं साऱ्या चाळीत घट बसायचा राहिला तो फक्त तिच्या दारात.

ते द्वैभाषिक राज्याचं दुसरं वर्ष होतं. मुंबई कुणाची, हा प्रश्न दिल्लीत अडकला होता आणि ताप पोपटशेटच्या चाळीत. श्रावणात पहिला जयवंत आडवा झाला. हा जयवंत म्हणजे समितीच्या कलापथकाचा आवाज. संध्याकाळी नरेपार्काच्या सभेत पोवाड्याची जील धरायची आणि रात्री साच्यावर उभं राहायचं, असा त्याचा क्रम. त्याला असा ताप भरला की डोळ्यांच्या खोबण्या दुखल्या, हाडं कुणी मुसळानं कुटल्यासारखी झाली. मग त्याच्या शेजारी झोपणारा पडला, मग त्याच्या शेजारचा. नाक्यावरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा डेंग्यू, याला लोक हाडमोडा ताप म्हणतात. निजून राहा, पाणी पीत राहा, सात दिवसांत उतरेल. एवढं साधं ऐकून लोक हिरमुसले. औषधाची बाटली नाही, सुई नाही, तो कसला डॉक्टर.

अनंतचतुर्दशीनंतर उदकस्वामी आले आणि त्यांनीही तेच सांगितलं, सात दिवसांत ताप उतरेल म्हणून. फक्त त्यांनी घंटा वाजवून सांगितलं. ताप सातव्या दिवशी उतरला आणि श्रेय घंटेला गेलं.

स्वामींचे नियम थोडे पण कडक होते. दारात तांब्याभर पाणी ठेवायचं. स्वामी कमंडलूतून त्यात तीन पळ्या तीर्थ घालणार, त्या वेळी घरच्यांनी डोळे मिटायचे. घटाचं तोंड उघडं ठेवायचं, कारण देवी उतरणार कुठून. पाणी कधी ओतायचं नाही, कमी झालं तर वरून भर घालायची. स्वामींच्या आज्ञेवाचून घट हलवायचा नाही. आणि रॉकेलचा हात घटाला लावायचा नाही, देवीला त्याचा विटाळ होतो. स्वामी स्वतः दुपारी चार तास तळमजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत दार लावून योगनिद्रा घेत. तेव्हा त्यांचं दर्शन वर्ज्य.

बायकांनी तर ओवीही रचली होती:

*घटाच्या गं पाण्यामंदी देवी फुगडी घालिते,*
*स्वामी हाताने शिंपितां रोगराई गं पळते.*

रोगराई पळत मात्र नव्हती. अकरा घटांचे चाळीस झाले, चाळीसांचे सत्तर, आणि अंथरुणं त्याच हिशेबानं वाढत गेली. त्यालाही स्वामींकडे उत्तर होतं. सूर्य वर आल्यावर जो झोपतो, त्याच्यावर देवी कोपते. आता रातपाळीचा गडी दिवसा झोपणार नाही तर कधी झोपणार? पण कोप म्हटल्यावर विचारायचं कुणी. आणि त्या कोपाचं मूळ कुठं आहे, हेही एक दिवस स्वामींना समाधीत दिसलं. पहिल्या मजल्यावर एक दार उघडं आहे, तिथं घट नाही, तिथून देवी परत जाते.

हा निरोप घेऊन जयवंतच खाली आला. बरोबर चाळीचा वडीलधारा, गिरणीतला मुकादम कुशाबा जॉबर होता, पण तो सारा वेळ खाली बघत राहिला. येत्या रविवारी महापूजा होती. तोवर काकीनं घट मांडला नाही, तर गावकऱ्यांपैकी एकही तिच्या पानावर बसणार नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

काकीनं हातातली पळी खाली ठेवली.

“जयवंता, तुका ताप इलो तेव्हा सात दिवस पेज कोणी भरवली?”

“तू भरवलीस काकी. म्हणून तर पाया पडून सांगतोय. देवीपुढं हट्ट नको.”

“माझी सातेरी गावात आसा. पाचशे वर्सां एका जाग्यार बसलीहा. तिका कोलांट्यो मारताना कोणी बघूक नाय.”

“ही वेगळी देवी आहे.”

“ती माका दिसताच आसा,” काकी म्हणाली आणि कढीकडे वळली. कढी ढवळताना मात्र तिच्या मनात हिशेब चालू होता. घट मांडला तर आपण खोट्याला हात जोडले. नाही मांडला तर रविवारपासून चूल कुणासाठी पेटवायची?

तिच्याकडे फक्त आईची शिकवण होती. आई म्हणायची, रात्रीचं पाणी सकाळी शिळं, घागर रोज पालथी घालायची, चिंचेनं घासायची, मग भरायची. लालबागेत नळ पहाटे दीड तास येतो, तरी पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत काकीनं हा नेम मोडला नव्हता. म्हणून स्वामींनी ‘पाणी ओतू नका’ म्हटलं, तेव्हाच तिच्या कपाळाला आठी पडली होती. जे पाणी आपण घशाखाली घालणार नाही, त्यात देवीला का बसवावं?

दुसरी एक गोष्ट तिनं ताटांवरून ओळखली होती. तिच्या दोन पंगती असत. रातपाळीवाले सकाळी जेवत आणि मग झोपत. दिवसपाळीवाले संध्याकाळी जेवत. आजाऱ्यांची ताटं पालथी पडत होती ती जवळजवळ सगळी सकाळच्या पंगतीतली. गडी एकाच गावचे, अन्न एकाच तपेल्यातलं, अंथरुणंसुद्धा तीच. मग ताप रातपाळीचीच माणसं का निवडतो?

हा प्रश्न तिनं शामरावांच्या ताटात वाढला.

शामराव म्हणजे म्युनिसिपालिटीच्या मलेरिया खात्याचा माणूस. खाकी कपडे, खांद्यावर शिडी, हातात तेलाचा डबा. दिवसभर लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या तपासत हिंडायचा आणि दुपारी काकीकडे जेवायचा. माणूस ज्ञानी, पण इतका भित्रा की शिडीवर चढताना शिडीची क्षमा मागायचा. त्या दुपारी त्यांनी सुरमईला हात लावला नव्हता. मनगटावरचा स्वामींचा पिवळा दोरा ते नुसता फिरवत बसले होते.

“शामराव, जेवतास काय ताटाक बघतास?”

“काकी,” शामराव हळूच म्हणाले, “त्या घटांत देवी नाही. डासांच्या अळ्या आहेत.”

काकी पाट ओढून त्यांच्यासमोर बसली.

“आमच्या खात्यात पहिल्या दिवशी हेच दाखवतात. चौथी नापास माणसालासुद्धा ओळखता येतं.”

“मग त्या दिवशी चौकात तुमच्या तोंडात काय होतां?”

“पेढा,” शामराव म्हणाले. “स्वामींनी स्वतः घातला होता.”

मग ते भडाभडा बोलत सुटले. एकदा वाटलं होतं सरळ जाऊन घटांत तेल घालावं. पण खात्याच्या फॉर्मात टाकी आहे, विहीर आहे, कारंजं आहे, पिंप आहे, घट नाही. साहेब विचारणार, कुठल्या कलमाखाली ओतलंत? आणि चाळ विचारणारही नाही, सरळ शिडीवरून खाली ढकलेल.

काकीनं ते सगळं बाजूला सारलं आणि ताटांचा प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा शामरावांनी प्रथमच मान वर केली. हा डास गटारातला नव्हे, ते सांगू लागले. त्याला घाण पाणी चालत नाही. स्वच्छ, साठवलेलं, न हलणारं पाणी लागतं, तेही माणसाच्या घरात. अंगावर, पायांवर पांढरे पट्टे. आणि चावतो तो दिवसा. मुंबईचे लोक रात्री मच्छरदाणी लावतात आणि सकाळी गुंडाळून ठेवतात. हा गुंडाळल्यावर कामाला निघतो. तापकऱ्याला चावला, की आठदहा दिवसांनी ज्याला ज्याला चावेल त्याला तोच ताप. दिवसा उघड्या अंगानं गाढ झोपलेला गडी त्याला आयता सापडतो. शामराव म्हणाले, देवीच्या कोपाचं म्हणाल तर तिची पाळी सकाळी सातला सुरू होते.

काकीनं ताट शामरावांच्या पुढ्यात सरकवलं. मग तिनं विचारलं, ह्या अळीचा डास किती दिवसांत होतो. शामराव म्हणाले, आठ-दहा. पुरी वाढलेली असेल तर दोन-तीन दिवसांत.

“आज गुरुवार,” ती म्हणाली. “शामराव, मासो खावा. निवता.”

त्याच संध्याकाळी तिनं चौकात येऊन हात जोडले. माझं चुकलं, घट मांडते, असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. फक्त एक अडचण होती. तिचे सगळे तांबे खानावळीत गुंतलेले. तेव्हा लोणच्याची मोठी काचेची बरणी चालेल का? आणि नव्या पाण्यात पाच दिवस थांबायचं तर रविवार उलटून जाईल. तेव्हा जयवंताच्या घटातलंच थोडं जिवंत पाणी मिळावं, तो तर स्वामींचा पहिला भक्त.

शेवटचं दार शरण आलेलं पाहून स्वामी इतके फुगले की चौरंग करकरला. “पाषाणाला पाझर फुटला. काचेच्या कुंभात कात्यायनी. घे, बाई, घे.”

बरणीत पाणी ओतलं गेलं. दिव्याच्या उजेडात अळ्या अशा लखलखून नाचल्या की लोकांच्या अंगावर काटा आला. मग काकीनं कनवटीचं एक पातळ फडकं काढलं. नारळाचा रस गाळायचं, सोलकढीचं. धुऊन धुऊन चांदण्यासारखं झालेलं.

“माझो मासळीचो धंदो. माशी पडली तर तीर्थ बाटात. वरसून ह्या बांधतंय. देवीक वारो लागात.”

स्वामींच्या तोंडावरचं हसू जरा आखडलं. उघडं तोंड, देवी उतरणार कुठून, असं काहीतरी ते पुटपुटू लागले. काकीनं भोळेपणानं विचारलं, पण देवी उतरलेलीच हा मां? आता ती जावची नाय, म्हणान झाकण.

“काकीचा घट—” मागून कुणीतरी म्हणालं.

“झालाच पाहिजे,” चौक म्हणाला. एवढं झाल्यावर स्वामींचं काही चाललं नाही. जयवंतानं स्वतः दोऱ्याची गाठ मारली, स्वामींनी गाठीवर कुंकू लावलं आणि बरणी काकीच्या दारात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंगतीला रातपाळीचे, अंथरुणावर नसलेले, सगळे गडी हजर होते. काकीनं वाढलं, पण तिच्या नेहमीच्या टोमण्यांवाचून. बरणीतून काही निघालं नाही तर आपण काय करणार, हे तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी महापूजेला चिंचपोकळीपासून शिवडीपर्यंतची माणसं आली. स्वामींच्या पुढ्यात चांदीचा मुलामा दिलेला महाघट होता. आरती झाली, आणि एकेका घटाचं दर्शन सुरू झालं तेव्हा काकीनं पदराखालून बरणी काढून पाटावर ठेवली. जयवंतानं कौतुकानं पुढं होऊन पाहिलं. त्याची गाठ तशीच होती, कुंकूही तसंच. पण बरणीत नाच थांबत आला होता. पाण्यावर पोकळ कातड्या तरंगत होत्या. आणि फडक्याच्या आतल्या बाजूला, उलटे टांगून, तीस-चाळीस डास बसले होते.

“आई, मच्छर,” एक चिमुरडी म्हणाली. तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला, पण डोळ्यांवर ठेवायला हात उरला नाही.

गर्दीत कुजबूज पसरली. स्वामी कसलेले होते. त्यांनी डोळे मिटले, तीनदा डोकं हलवलं आणि घंटा वाजवली.

“पाहा, पाहा. परिपक्व पार्वतीनं पंख पांघरले. आता ती आकाशमार्गानं—”

“होय, महाराज,” काकी म्हणाली. “माकाही तसांच वाटला. मग आता देवीक प्रसाद दिवक होयो. फडक्याची कड मी उचलतंय. तुमी हात आत घाला.”

स्वामींनी हात उपरण्यात ओढून घेतला.

“आज माझा उपास आहे.”

“उपास तुमका. देवीक नाय.”

कुणीतरी खुदकन हसलं. हसू असं असतं की एकाच्या तोंडून सुटलं की दुसऱ्याच्या तोंडात मावत नाही. जिन्यापासून कठड्यापर्यंत ते चढत गेलं. आणि त्या हसण्याच्या आडोशानं, आयुष्यात प्रथमच कुणाची क्षमा न मागता, शामराव गर्दीतून पुढं आले. त्यांनी तेलाचा डबा तिरपा केला आणि महाघटात धार सोडली.

तेलाचा पापुद्रा पाण्यावर पसरला. त्याबरोबर समाधी, संस्कृत आणि पिंपातला आवाज टाकून स्वामी ताडकन उठले.

“ओ मलेरियावाले, बादलीत तेल घालू नका म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला? आगीचं पाणी आहे ते. उद्या गोदामाला आग लागली तर मालक माझी मान पकडेल.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. चौकालाही कळलं, पण अर्धवट. शामराव मात्र डबा धरून एकटक बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं करून स्वामींच्या दाढीखालची हनुवटी जरा वर केली, टाकीचं झाकण उचलावं तशी.

“कॉटन ग्रीन,” ते म्हणाले. “कापसाच्या गोदामाचे वॉचमन. बेचाळीस लाल बादल्या. दर आठवड्याला माझ्याशी भांडायचात.”

पुढचं स्वामींनी स्वतःच सांगितलं, कारण दाराकडची वाट कुशाबा जॉबरनं अडवली होती. गोदामात आगीसाठी पाण्याच्या बादल्या टांगलेल्या असतात. आग कधी लागत नाही, म्हणून पाणी कधी बदलत नाही. त्यात हे जीव वळवळताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले. एकदा गोदामातल्या एका म्हातारीनं बादलीला हात जोडले, आणि वॉचमनच्या डोक्यात स्वामी जन्माला आला. कमंडलूत बादलीचं पाणी भरायचं. आत नुकत्या फुटलेल्या अळ्या असतात, केसाहून बारीक, पितळेत दिसत नाहीत. चार-पाच दिवसांत त्या वाढल्या की प्राण आला. तेलानं त्या गुदमरून मरतात, म्हणून रॉकेलचा विटाळ. जयवंतानं स्वामींची वळकटी सोडली तर आत एक मच्छरदाणी निघाली. दुपारची योगनिद्रा ती ह्या पडद्याआड चालायची.

“माझ्या खोलीत सहा जण अजून कण्हतायत,” जयवंत म्हणाला. त्याचा आवाज सभेतल्यासारखा नव्हता. त्यानं कवड्यांच्या माळेला हात घातला होता, पण काकीनं त्याचं मनगट धरलं.

“मारू नको. ह्यांका महाराज कोणी केलां? तुमी नि मी. जावंदे.”

स्वामी गेले. मच्छरदाणी मात्र कुशाबानं ठेवून घेतली आणि आजाऱ्यांच्या खोलीत दिवसाढवळ्या बांधायला सांगितली. घट धडाधड पालथे होऊ लागले. काकी आता मोकळी झाली होती. तिला ओवी सुचली, आणि तिनं ती कठड्यावरून सगळ्या बायांना ऐकवली:

*शिळ्या पाण्याला गं माझ्या बाया म्हणती देऊळ,*
*डास म्हणे लेकरांनो, इथं थाटा घरकुळ.*

सगळे हसले. हसला नाही तो कुशाबा. मघापासून त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं, ते त्यानं आता काढलं.

“शामराव, एक सांगा. जयवंत पडला श्रावणात. स्वामी आला भाद्रपदात. मग श्रावणातला डास कुठल्या घटातला?”

शामराव घुटमळले. त्यांची नजर पहिल्या मजल्याकडे गेली आणि परत आली. काकीनं ती पाहिली.

“बोला.”

“काकी, फॉर्मात पिंपही आहे,” ते म्हणाले.

काकीच्या दाराबाहेर गॅलरीत एक मोठं लोखंडी पिंप होतं. खानावळीची भांडी घासायचं पाणी. पिण्याचं नव्हे, म्हणून आईचा नेम त्याला लागू नव्हता. श्रावणाच्याही आधीपासून ते तळापर्यंत रिकामं झालं नव्हतं. पहाटे नळ आला की वरून चार हंडे ओतायचे, एवढंच. त्याच्याच डोक्यावर जिन्यालगत गड्यांची खोली. शामरावांनी विजेरी पेटवून आत प्रकाश टाकला आणि काकीला वाकायला जागा करून दिली.

काकीनं वाकून पाहिलं. स्वामींच्या सगळ्या घटांत मिळून जेवढी देवी होती, तिच्या दसपट तिथं फुगडी घालत होती.

क्षणभर तिला वाटलं, झाकण टाकावं. खाली शंभर माणसं बघत होती आणि आताच तिनं त्यांना हसवलं होतं. संध्याकाळची पंगत तोंडावर आली होती. नळ उद्या पहाटेशिवाय येणार नव्हता. हे पाणी सांडलं तर आज चूल बंद.

“स्वामीन पळीभर आणल्यान,” ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मी पिंपभर पोसलंय. जयवंता, तुका आजारी मी केलंय. आता ये नि हात लाव.”

जयवंत धावत वर आला. दोघांनी मिळून पिंप मोरीकडे ओढत नेलं आणि आडवं केलं. पाणी धबधबा वाहून गेलं. शामराव म्हणाले, नुसतं ओतून भागत नाही, अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात, सुकली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत, पुन्हा पाणी लागलं की फुटतात. तेव्हा काकीनं पदर खोचला, अर्धी पिंपात शिरली आणि काथ्यानं आतून खसाखसा घासू लागली. तो आवाज ऐकून शेजारचं दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं. दिवेलागणीपर्यंत पोपटशेटच्या चाळीत सत्तर पिंपं आडवी झाली. त्यांतल्या सदुसष्टांत अळ्या नांदत होत्या.

त्या संध्याकाळी सुभद्राकाकीनं आयुष्यात पहिल्यांदा कोरडी चूल बघत दारात बसून घेतलं. गडी येतील, त्यांना काय सांगायचं, याचा ती विचार करत होती. गडी आले. पण रांगेत आले, आणि प्रत्येकाच्या हातात नाक्यावरच्या हॉटेलातून मागून आणलेलं पाणी होतं. कुणाच्या लोट्यात, कुणाच्या डालड्याच्या डब्यात, कुणाच्या दाढीच्या मगात. सगळ्यात पुढं जयवंत होता.

“काकी, भात टाक,” तो म्हणाला.

तिनं टाकला. त्या रात्री भात जरा फडफडीत झाला, पण कुणी बोललं नाही.

दिवाळीच्या सुमाराला ताप ओसरला. घंटा कुणी वाजवली नव्हती. चाळीनं फक्त एवढं ठरवलं होतं की आठवड्यातून एक वार पिंप कोरडं करायचं, कडा घासायच्या, भरलं की फडकं बांधायचं, आणि दिवसा झोपणाऱ्याला मच्छरदाणी द्यायची. यात चमत्कार काही नाही. म्हणूनच ते कठीण आहे. डोळे मिटून तीन पळ्या तीर्थ घेणं सोपं असतं. डोळे उघडून आपल्याच पिंपात वाकून बघायला धीर लागतो. बाबांनो, बायांनो, कुणी सांगितलं पाणी जिवंत झालं, तर हात जोडण्याआधी ते पाणी काचेच्या बरणीत घ्या, वर पातळ कापड बांधा आणि चार दिवस थांबा. देव असेल तर तो चार दिवसांनी रागावणार नाही.